निर्लेखनानंतरची जीप

मोटारगाड्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा पहिल्या मालकापाशी थांबतात. कारखाना कोणता, साल कोणते, इंजिन किती अश्वशक्तीचे, पहिली गाडी कोणत्या संस्थानिकाने किंवा गिरणीमालकाने घेतली, एवढे सांगून झाले की प्रकरण मिटते. ती गाडी पुढे तीस-चाळीस वर्षे कोणी चालवली, कोणी दुरुस्त केली, तिच्यात कोण बसले, याची नोंद क्वचितच सापडते. आपल्याकडे तर बहुतेक कुटुंबांच्या दारात आलेली पहिली गाडी ही कोणाची तरी जुनी गाडी होती. म्हणजे मोटारीचा जो खरा सामाजिक इतिहास आहे तो दुसऱ्या मालकाचा इतिहास आहे, आणि नेमका तोच लिहायचा राहिला आहे.

या लेखाचा विषय त्यातलाही एक लहान तुकडा आहे. चारही चाके ओढतात अशी, जुनी, कुटुंबाच्या वापरासाठी घेतलेली गाडी; आणि प्रदेश अहमदनगर जिल्हा. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. ज्या काळाविषयी येथे लिहिले आहे त्या काळातले नाव मी कायम ठेवले आहे.) थंड, बर्फाळ देशांत अशी गाडी म्हटली की चार दारांची सेडान डोळ्यांपुढे येते. आपल्या बाजारात तशी सेडान फार उशिरा आली आणि आली तीही श्रीमंतांसाठी. त्याआधीची पन्नास वर्षे ज्याला चिखलातून बायकामुलांना घेऊन घरी पोचायचे होते त्याच्यापुढे एकच वाहन होते, जुनी जीप.

सरकारी मराठीत एक शब्द आहे, 'निर्लेखन'. वापरून झालेली वस्तू दप्तरातून कमी करणे म्हणजे निर्लेखन. शब्द कोरडा आहे, पण त्याच्या पोटात लेखन आहे हे विसरता येत नाही. जोपर्यंत जीप सरकारची असते तोपर्यंत तिचे सगळे लिहिलेले असते. लॉगबुकात कोण कुठे गेले, किती मैल झाले, किती पेट्रोल लागले. निर्लेखन झाले, लिलाव झाला, आणि जीप लेखनाच्या बाहेर पडली. तिचे कौटुंबिक आयुष्य येथून सुरू होते आणि इतिहासकाराचे साधन येथेच संपते. ही विसंगती या साऱ्या विषयाच्या मुळाशी आहे.

या जिल्ह्यात जीप कोठून आल्या याचे उत्तर मात्र अवघड नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, विलिस आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर भारतात राहिलेले लष्करी साहित्य सरकारने विकायला काढले. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द मराठीत तेव्हापासून रुजला. कोट, बूट, तंबू, दुर्बिणी आणि जीप. नगरला तर लष्कर शेजारीच होते. चिलखती गाड्यांच्या शिक्षणाचे केंद्र म्हणून नगरची ओळख १९२० च्या दशकापासूनची आहे. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, येथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल स्थापन झाले. नगरकर जिला नुसतेच 'व्हीआरडीई' म्हणतात त्या वाहन संशोधन संस्थेची पूर्वज असलेली तपासणी-संस्था फाळणीच्या वेळी रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून नगरला आली. १९७९ साली मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्रही येथेच सुरू झाले. मोठ्या गाड्या उघडून पुन्हा जोडता येणारी माणसे या गावात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत गेली. लष्करातून निवृत्त झालेला फिटर गावात गॅरेज टाकतो, त्याच्या हाताखाली दोन पोरे तयार होतात, त्यांची पुढे चार गॅरेजे होतात. जुनी जीप पाळायची असेल तर त्या जीपइतकीच ही माणसे आवश्यक होती.

दुसरा ओघ मुलकी होता. महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी १९४५ साली स्थापलेल्या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास विलिसची जीप मुंबईत जोडायला सुरुवात केली. भागीदार पाकिस्तानात जाऊन तिथले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि कंपनीचे नाव १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याबरोबर त्याची जीप गावात आली. प्राथमिक आरोग्य केंद्रांची जीप, पाटबंधारे खात्याची जीप, १ मे १९६२ नंतर जिल्हा परिषदेची जीप. त्यात या जिल्ह्याची खासियत म्हणजे साखर कारखाने. प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला, आणि पुढच्या तीन दशकांत राहुरी, संगमनेर, कोपरगाव, नेवासे, श्रीगोंदे असे कारखाने उभे राहिले. अध्यक्षांना अॅम्बॅसडर आणि शेतकी खात्याला जीप, असा साधारण रिवाज. ऊस बघायचा तर बांधापर्यंत जावे लागते, आणि अॅम्बॅसडर बांधापर्यंत जात नाही.

का जात नाही, हे समजण्यासाठी जिल्ह्याची जमीन पाहावी लागते. सतरा हजार चौरस किलोमीटरांचा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा हा जिल्हा एकजिनसी नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखाली श्रीरामपूर-राहुरीची काळी जमीन बारमाही ओली राहू लागली. ही जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात चाकाला गोळ्यागोळ्यांनी चिकटते. चाक वाढत जाते, मडगार्डला घासते आणि शेवटी फिरणेच थांबते. पश्चिमेला अकोल्याचा घाटमाथा, घाटघर-रतनवाडीचा पाऊस. पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, पारनेर. तिथे पाऊस नाही, पण खडी, ओढे आणि डोंगरकपारीच्या वस्त्या आहेत. जिल्ह्यातली शेतकरी कुटुंबे मोठ्या प्रमाणात गावठाण सोडून मळ्यात, वस्तीवर राहतात. डांबरी रस्ता गावापर्यंत आला तरी घर तिथून दीड-दोन मैल आत. या शेवटच्या दीड मैलासाठी चारही चाके लागत.

जुनी जीप विकत घेण्याचा व्यवहार कसा चाले? मला त्यात नेहमी बैलबाजार दिसतो. काष्टीचा बाजार, लोणीचा बाजार, घोडेगावचा म्हशींचा बाजार, असे जनावरांचे नामांकित बाजार या जिल्ह्यात आहेत, आणि जनावर पारखण्याची एक पूर्ण विद्या येथील माणसाला अवगत होती. तीच विद्या त्याने जीपला लावली. बैलाचे दात मोजायचे, तसा चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून पाहायचा. बैल चालवून पाहायचा, तशी जीप रिकामी नव्हे तर आठ माणसे बसवून चढावर घ्यायची. हेडी जनावराच्या शिंगांना तेल लावतो. जीपचा दलाल चासीला नवा काळा रंग मारतो. म्हणून जाणता माणूस अंगाखाली शिरून जिथे पाटे चासीला धरलेले असतात ती जागा बघे, कारण चासीला तडा गेला तर तिथेच जातो आणि त्यावर वेल्डिंग करून रंग मारलेला असला तर तो उठून दिसतो. स्टिअरिंग धरून चाक हलवायचे. किंगपिन झिजली असेल तर चाक स्टिअरिंगच्या आधी स्वतःच बोलते. गिअर ऑइलचा नट सैल करून दोन थेंब बोटावर घ्यायचे आणि उन्हात धरायचे. त्यात चमक दिसली तर आतले दाते झिजून तेलात उतरले आहेत.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा पुढच्या चाकांची, आणि येथे थोडे यंत्राविषयी सांगायला हवे, कारण या गाडीचे सारे नशीब त्या यंत्रात आहे. जीपच्या गिअरबॉक्समागे 'ट्रान्सफर' नावाची आणखी एक पेटी असते. तिच्यातून एक दांडा मागच्या आसाकडे जातो आणि एक पुढच्या. चालकाजवळच्या एका लहान दांडीने पुढचा आस जोडता येतो, दुसरीने वेग निम्म्यावर आणून ओढ दुपटीच्या जवळ नेता येते. परंतु पुढचा आणि मागचा आस एकदा जोडला की दोघांना अगदी सारखेच फिरावे लागते. वळणावर मात्र पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात, वाळूत हा फरक चाक थोडे घसरून भरून काढते. डांबरावर चाक घसरत नाही. मग तो पीळ दांड्यांत, दात्यांत, टायरांत साठत जातो. स्टिअरिंग जड होते, दांडी अडकून बसते आणि शेवटी काहीतरी तुटते. आजच्या, सदासर्वकाळ चारही चाकांवर चालणाऱ्या सेडानमध्ये हा फरक पचवणारी वेगळी योजना असते. जीपमध्ये ती नव्हती. चिखल दिसला की जोडायची, डांबर दिसले की सोडायची, एवढी अक्कल चालकाच्या डोक्यात असणे गृहीत होते.

लष्करात ते गृहीत चाले. तिथे चारही टायर एका मापाचे, एका झिजेचे असत. घरगुती मालक मात्र टायर एकेक करून घेतो. पुढे एक नवा, मागे दोन रिमोल्ड, चौथा ट्रॉलीचा उतरवलेला. चार चाकांचा घेर चार प्रकारचा झाला की सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ पडतो. म्हणजे चारही चाके ओढण्याची ताकद जुन्या जीपमध्ये दोन कारणांनी मरते. एक तर झीज, आणि दुसरे म्हणजे मालकाची ऐपत. यंत्र शाबूत असूनही टायर एकसारखे नाहीत म्हणून पुढची चाके न जोडता चालवलेल्या जीप कितीतरी असतील.

मग मिस्त्री एक दिवस सुचवतो, पुढचा दांडा काढूनच ठेवा. इंजिनाला तेवढे ओझे कमी, पेट्रोल थोडे वाचेल, पुढच्या हाऊसिंगमधले ऑइल गळणे थांबेल. दांडा काढला जातो, पोत्यात गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर ठेवला जातो. पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा लावायचा असतो. पहिल्या वर्षी लावतातही. पुढे क्रॉस सापडत नाही, मग बोल्ट सापडत नाहीत, आणि जी गाडी चार चाकांसाठी घेतली ती उरलेले आयुष्य दोन चाकांवर काढते. ही केवळ हलगर्जी आहे असे मला वाटत नाही. त्या वर्षांत रस्तेही वस्तीच्या जवळ येत होते. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमी योजनेत या जिल्ह्यातल्या माणसांनी खडी फोडून जे रस्ते केले त्यांचा, आणि त्या माळ्यावर पडलेल्या दांड्याचा, संबंध आहे. ज्यांनी रस्ते केले त्यांच्याकडे जीप नव्हती, हेही येथेच म्हणून ठेवले पाहिजे.

दुसरे मोठे रूपांतर इंजिनाचे. युद्धातल्या विलिसचे इंजिन सव्वादोन लिटरांच्या आसपासचे, साठ अश्वशक्तीचे, पेट्रोलचे. लष्कराच्या डेपोतून फुकट मिळणाऱ्या पेट्रोलवर त्याची भूक कोणाला जाणवली नव्हती. १९७३ मध्ये जगभर तेलाच्या किमती भडकल्या आणि पेट्रोलची जीप दारात उभी करणे हा हौसेचा नव्हे तर हिशेबाचा प्रश्न झाला. तेव्हा डिझेल इंजिने बसवण्याची लाट आली. कोणी पर्किन्सचे बसवले, कोणी मॅटाडोरचे. इंजिनाचे पाय कापून नवे जोडायचे, रेडिएटर पुढे सरकवायचा, बॉनेट मावत नसेल तर उंच करायचे. सहा व्होल्टची विद्युतयोजना जाऊन बारा व्होल्टची आली. चासी अमेरिकेची, इंजिन पुण्याचे, ट्रान्सफर लिलावातल्या दुसऱ्या जीपचा, आणि टप नगरच्या ताडपत्रीवाल्याने शिवलेला. अशा गाडीला विलिस म्हणावे का, हा प्रश्न अभ्यासकाचा आहे. घरचे तिला 'आपली जीप' म्हणत.

त्या जीपमध्ये कुटुंब बसे कसे, याकडे आता वळू. युद्धातली जीप चार माणसांची होती. पेट्रोलची टाकी चालकाच्या बुडाखाली, दारे नाहीत, मागची बैठक म्हणजे लोखंडी चौकटीवर गादी. कुटुंबाच्या हाती आल्यावर मागे समोरासमोर दोन बाकडी आली, बाजूंना पडदे आले, चढायला पायरी आली. ही पायरी मला फार महत्त्वाची वाटते. सैनिक जीपमध्ये उडी मारून बसतो. नऊवारी नेसलेली बाई उडी मारत नाही. जिल्ह्यातल्या वेल्डिंगच्या दुकानांत तयार झालेली ती लोखंडी पायरी म्हणजे या यंत्राला झालेली माणसाची पहिली जाणीव म्हणता येईल. पुढे, चालकाशेजारी, घरातले वडीलधारे; मागे बायका, पोरे, डबे, कांद्याची गोणी. मोहट्याला, शिर्डीला, शनिशिंगणापूरला जायचे ते असे. अडलेल्या बाईला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे तेही असेच, आणि त्या रात्री जीप एकट्या मालकाची राहत नसे. वस्तीत दुसरी गाडी नसते तेव्हा गाडीवाल्याला दार उघडावेच लागते.

मराठी ग्रामीण साहित्याने या जीपची दखल कशी घेतली? माझ्या वाचनापुरते बोलायचे तर कथा-कादंबरीत आणि विशेषतः चित्रपटात जीप येते ती सत्तेची खूण म्हणून. धुरळा उठतो, पोरे मागे धावतात, साहेब किंवा पुढारी उतरतो. हे चित्र खोटे नाही. विकासगटाची जीप आणि कारखान्याची जीप ही खरोखरच आज्ञा घेऊन येणारी वाहने होती. पण तीच जीप बारा-पंधरा वर्षांनी निर्लेखित होऊन, हिरवा-पांढरा रंग खरवडून, एखाद्या बागायतदाराच्या किंवा शाळामास्तराच्या दारात येते आणि तिच्यातून बाळंतीण घरी येते, हा उत्तरार्ध आपल्या साहित्याने फारसा पाहिलेला नाही. बैलगाडीचे आपल्या कथेत जेवढे लाड झाले त्याच्या शतांशानेही या गाडीचे झाले नाहीत. बैलाला जीव आहे हे कारण पुरेसे नाही. एसटीलाही जीव नाही, पण एसटीवर आपण भरपूर लिहिले आहे. मला वाटते अडचण वर्गाची आहे. जुनी जीप गरिबाची नाही, धड श्रीमंताचीही नाही. मधल्या, हातात थोडे पैसे खेळू लागलेल्या शेतकऱ्याची ती आहे, आणि त्या माणसाविषयी आपल्या लेखकांना एकतर संकोच वाटला किंवा राग.

याउलट मनिलाकडे पाहा. अमेरिकन फौजांनी मागे ठेवलेल्या जीप लांब करून, रंगवून फिलिपिनो लोकांनी त्यांची जीपनी केली आणि ती त्या देशाची खूणच होऊन बसली. आपल्याकडेही जीप भाड्याने धावली. १९८० नंतर डिझेलवर चालणाऱ्या महिंद्रच्या गाड्या आणि पुढे ट्रॅक्स आल्या, त्यांना काळा-पिवळा रंग लागला. सातारा-सांगलीकडे त्यांना वडाप म्हणतात. त्यांतल्या बहुसंख्य गाड्यांची फक्त मागचीच चाके ओढत. जे नगरच्या मिस्त्रीने पोत्यात गुंडाळून ठेवले होते ते कारखान्याने मुळातच गाळून टाकले. दहाच्या जागी वीस माणसे घेऊन धावणाऱ्या त्या गाड्यांची कथा वेगळी आहे, तिच्यात अपघातही पुष्कळ आहेत. येथे ती लांबवत नाही.

लष्करी ओघ मात्र चालू राहिला. जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून बनलेली, निस्सानच्या नमुन्यावरची जोंगा. मग १९९० च्या दशकात लष्करात शिरलेली जिप्सी. निकाली निघालेल्या या गाड्याही लिलावातून नागरिकांकडे आल्या. जोंगाचे पेट्रोल इंजिन इतके खादाड की ती घेणाऱ्याकडे कौतुकाने आणि काळजीने एकदमच पाहिले जाई. जिप्सी हलकी, सुटसुटीत, पण मागे बसणाऱ्याच्या कमरेचा विचार न केलेली. कुटुंबाची गाडी म्हणून तिने विलिसची जागा कधी घेतली नाही. तोवर बोलेरो आली होती, रस्तेही झाले होते.

आता उरलेल्या जुन्या जीपना नवे गिऱ्हाईक मिळाले आहे, ते हौशी संग्राहकांचे. जुनी विलिस शोधायची, सगळी उघडायची, मूळचे इंजिन कोठून तरी पैदा करायचे, ऑलिव्ह हिरवा रंग द्यायचा आणि बॉनेटवर पांढरा तारा काढायचा. मेहनत खरी असते, कौशल्यही असते. पण या पुनरुज्जीवनात नेमके काय परत येते हे विचारले पाहिजे. १९४४ परत येते. मॅटाडोरचे इंजिन भंगारात जाते, समोरासमोरची बाकडी निघतात, पायरी कापली जाते, बॉनेटवरचे 'श्री' खरवडले जाते. अमेरिकन सैन्याच्या हातात जी गाडी जेमतेम दोन-तीन वर्षे होती आणि राहुरीच्या एका घरात चाळीस वर्षे, तिच्यावरची चाळीस वर्षे पुसून दोन-तीन वर्षे रंगवली जातात. हस्तलिखितांच्या अभ्यासात आपण समासातल्या नोंदी जपतो, नंतरच्या लेखनिकाचा हात कोणता हे ओळखतो, त्याला महत्त्व देतो. गाडीच्या बाबतीत मात्र 'मूळ प्रत' एवढीच खरी, असा आपला समज आहे.

कायद्याचाही तोच समज आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी खास नोंदणीची तरतूद केली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, तिला वेगळ्या धर्तीचा क्रमांक मिळतो. अट अशी की गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. दुसरीकडे, १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी पुढे चालवता येत नाही. ती अधिकृत केंद्रात मोडीत काढायची आहेत. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीची खास वाहने तेवढी यातून वगळली आहेत. पंचायत समितीची किंवा आरोग्य केंद्राची पंधरा वर्षे झालेली गाडी आता निर्लेखनानंतर कोणाच्या वस्तीवर जाणार नाही.

खासगी नावावर असलेल्या जुन्या जीप तेवढ्या उरल्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी त्यांचे पासिंग करून घ्यावे लागते. श्रीरामपूरच्या किंवा नगरच्या परिवहन कार्यालयात एखादी जीप अजून येते, तेव्हा तिच्या पुस्तकात इंधनाच्या रकान्यात पेट्रोल खोडून डिझेल लिहिलेले असते आणि त्या खाडाखोडीवर कोणत्या तरी जुन्या निरीक्षकाची सही असते.